बंद पडताना पाह्यली कोणी?

ऑक्टोबरची बावीस तारीख, रविवार, नवरात्रातली अष्टमी. रक्कम अकरा हजार रुपये, रोख, पाचशेच्या बावीस नोटा. हजर माणसं चार: मी, माझे साडू, आमची गाडी विकत घ्यायला मलकापूरहून आलेले एक कापडदुकानदार, आणि ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं ते आमचे घरमालक. माझी बायको घरातच होती, पण आत चहा टाकत होती, म्हणून तेव्हा मी तिला हजर धरलं नाही.

सौदा दोन लाख पस्तीस हजारांना ठरला होता. अकरा हजार बयाणा, बाकी रक्कम दसऱ्याला गाडी नेताना. दसरा मंगळवारी होता. मी नोटा मोजत असतानाच घरमालक दारातून आत आले. हातात त्यांची घडीची लोखंडी खुर्ची होती. आमच्याकडे दिवाण आणि चार खुर्च्या होत्या, तरी ते कुठेही आपली खुर्ची घेऊनच जात. ती खटकन उघडून ते आमच्या मधोमध बसले.

"गाडी विकून राह्यले म्हणे तुमी?"

"हो सर."

"काऊन?"

"चालता चालता बंद पडते."

"बंद पडताना पाह्यली कोणी?"

मी काही बोलायच्या आत साडू हसले. "मॅडमनं पाह्यली ना सर. मॅडमच्याच हातात बंद पडते ते. आमच्या हातात पडत नाई, गॅरेजवाल्याच्या हातात पडत नाई. क्लच हळू सुटत नाई त्यायच्यानं. आता समजून घ्या काय थे."

"मी समजून घेत नसतो," सर म्हणाले. "मी पाह्यत असतो."

दुकानदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी नोटा पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

संग्रामपूरला आम्ही सहा वर्षं या सरांच्या घराच्या मागच्या भागात भाड्याने राहिलो. मी एका सरकारी कार्यालयात लेखापाल, बायको सोनाळ्याकडच्या एका शाळेत मुख्याध्यापिका. सर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक ट्रेडचे निदेशक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. उंच, काळे, कपाळावर चष्मा ढकललेला, आणि आवाज असा की अंगणात बोलले तरी आम्हाला खिडकी लावावी लागे. गावात त्यांना सगळे सरच म्हणत. त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, सुद्धा सरच म्हणत, पण त्या म्हणण्यात वेगळा सूर असे.

सरांचा एकच नेम होता. कोणी काही बिघडलं म्हणून सांगितलं की ते बिघडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते कशालाही हात लावत नसत आणि कोणाला लावू देत नसत. आम्ही राहायला आलो त्या महिन्यात मी तक्रार केली की न्हाणीघरातला नळ रात्री आपोआप गळतो. दुसरा कोणी घरमालक असता तर प्लंबर पाठवला असता, किंवा पाठवतो म्हणून विसरला असता. सर खुर्ची घेऊन आले, न्हाणीघराच्या दारात बसले आणि नळाकडे पाहत राहिले. आम्ही जेवलो, आवराआवर केली, झोपायची वेळ झाली. शेवटी बायको म्हणाली, "सर, राहू द्या आता, थोडंसंच गळते."

"थोडंसं म्हंजे किती, थे मले पाह्याचं आहे."

नळ गळला. वरच्या टाकीत पाणी भरलं की दाब वाढे, तेव्हाच गळे. सरांनी मान हलवली, खुर्ची मिटली आणि गेले. सकाळी वॉशर बदलणारा माणूस आला. वॉशर बदलण्याचं काम सरांनी स्वतः कधी केलं नाही. म्हणत, "पाना फिरवणारे मी शेकडो तयार केले. पाह्यणारा एकबी झाला नाई."

हा नेम चालवताना ते स्वतःच्या घरालाही सोडत नसत. एकदा काकूंनी कपाटात उंदीर शिरल्याचं सांगितलं. सर म्हणाले, पाहिल्याशिवाय पिंजरा आणणार नाही. दोन दिवस कपाटासमोर खुर्ची टाकून बसले. उंदीर दिसला नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनी त्यांचा कोट बाहेर काढून दाखवला, निवृत्तीच्या समारंभाचा, बाही पूर्ण कुरतडलेली.

"हे पाह्यलं का आता?"

"हे नुकसान आहे. उंदीर नाई पाह्यला मी अजून."

"मंग आता तुमाले उंदराची ओळख करून द्यू का व बाप्पा?"

पिंजरा काकूंनीच आणला. त्यांनी उंदीर धरून सरांच्या चहाच्या कपाशेजारी पिंजरा ठेवला. सरांनी चष्मा खाली ओढून पाहिलं आणि म्हणाले, "हं. आता पटलं." कोटाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

माणूस तऱ्हेवाईक होता, आणि प्रत्येक वेळी बरोबर निघे असंही नाही. पण तक्रार ऐकून घेण्याची त्यांची रीत मी आणखी कुठे पाहिली नाही. तुम्ही "बॅटरी गेली वाटते" म्हणालात की ते हात वर करत. "भाग सांगू नका मले. भाग मी पाह्यन. डोयानं काय दिसलं, कानानं काय ऐकलं, हाताले काय लागलं, थे सांगा." त्यांच्यासमोर 'बहुतेक' म्हणायची सोय नव्हती. आणि सांगणारा कितीही अडाणी, घाबरट किंवा खोटारडा म्हणून प्रसिद्ध असला तरी सर त्याचं शेवटपर्यंत ऐकत. त्यांचं म्हणणं असं की माणूस कारण चुकीचं सांगू शकतो, पण जे घडलं ते उगाच सांगत नाही. त्याला खोटं म्हणायचं असेल तर आधी त्याच्यासोबत बसा.

तरुणपणी त्यांनी कोणाच्या सांगण्यावरून एका जीपचं सगळं वायरिंग बदललं होतं म्हणे, कारण ड्रायव्हर म्हणाला दिवे मंद लागतात. शेवटी दिव्यांच्या काचांवर आतून चिखलाचा थर निघाला. ही गोष्ट मी त्यांच्याकडून पुष्कळदा ऐकली. कधी ती जीप असे, कधी ॲम्बेसडर, आणि एकदा तर रुग्णवाहिका होती. चिखल मात्र दर वेळी असे.

सर गेल्या वर्षी गेले. काकू सांगत होत्या, दवाखान्यातसुद्धा डॉक्टरांनी "ॲसिडिटी होते का" विचारलं तर सरांनी त्यांना थांबवलं. "थे तुमी ठरवा. मी सांगतो तेवढं लिहा. डाव्या खांद्यापासून करंगळीपर्यंत, पायऱ्या चढल्यावर." डॉक्टरांनी लिहून घेतलं. त्या खेपेला ते वाचले होते.

तर आमची गाडी. छोटी पेट्रोलची, नऊ वर्षं जुनी. बायको छेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली. तिच्या शाळेच्या बाजूची एसटी वेळेवर येत नसे, आणि शाळेच्या सगळ्या किल्ल्या मुख्याध्यापिकेकडे. ती पोचेपर्यंत मुलं आणि मास्तर कुलूपबंद दारासमोर उभे. म्हणून ती शिकली, आणि चांगली शिकली. मग पावसाळ्यात गाडी तिच्या हातात बंद पडायला लागली. चालत्या गाडीत. एकदा नाल्याच्या पुलावर बंद पडली तेव्हा मागे कापसाचा ट्रक होता. तो तिच्या गाडीच्या मागे जेमतेम थांबला आणि ड्रायव्हरने खाली उतरून तिला नको ते ऐकवलं.

गाडी दर वेळी चावी फिरवली की लगेच सुरू होई. मी चालवून पाहिली, ठीक. मलकापूरच्या गॅरेजमध्ये दोनदा ठेवली. पहिल्या खेपेला बॅटरी बदलली, पाच हजार दोनशे. दुसऱ्या खेपेला पेट्रोलचा पंप, सात हजार आठशे. मजुरी दोन्ही वेळची मिळून तेराशे. एकूण चौदा हजार तीनशे. त्यांनी गाडी पार नांदुऱ्यापर्यंत चालवून पाहिली, एकदाही बंद पडली नाही. गॅरेजवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, गाडीत काई नाई. मॅडमले म्हना, क्लच हळू सोडत जा." मी ते घरी सांगितलं. बायकोने ऐकून घेतलं. दोन दिवसांनी म्हणाली, "विकून टाका. मी एसटीनं जाईन. आणि पुन्हा मले स्टेअरिंगले हात लावायला सांगू नका."

इतक्या दिवसांत ती एकदाही चुकीचं बोलली नव्हती, हे मला माहीत होतं. पण तीन माणसांचं म्हणणं एका बाजूला आणि तिचं एकटीचं दुसऱ्या बाजूला, असा हिशेब मी धरला होता.

त्या रविवारी सरांनी तो हिशेब टीपॉयवरून उचलून बाजूला ठेवला.

"ज्यानं तक्रार केली थो माणूस कोठी आहे?"

मी बायकोला हाक मारली. ती चहाचा ट्रे घेऊन आली.

"बसा मॅडम. चहा राहू द्या. काय होते गाडीले?"

ती साडूंकडे आणि दुकानदारांकडे पाहून दिवाणाच्या कडेला बसली. मग म्हणाली, "सर, मीटरचे काटे खाली पडतात. सगळे एकदम. पंख्याचा आवाज थांबते. मग स्टेअरिंग जड होते, दोन्ही हातांनी ओढावं लागते."

"धक्का बसते?"

"नाही. धक्का नाही, फडफड नाही. घरातली लाईट जाते तसं."

सर साडूंकडे वळले. "क्लचनं बंद पडली तं गाडी धक्का देते. मॅडमनं धक्का सांगतला का?"

"अहो सर, घाबरल्यावर बाईमाणसाले काय समजते, धक्का का बुक्का..."

"तुमी होते का गाडीत?"

"मी कायले असन?"

"मंग चहा घ्या."

दुकानदारांना विनोदच वाटला सगळा. ते म्हणाले, "सर, बंद पडते तं पडू द्या, मी पाह्यतो माझं." बयाणा दिला, चहा घेतला, आणि मंगळवारी सकाळी हार-नारळ घेऊन येतो म्हणून गेले. ते गेल्यावर सर मला म्हणाले, "मंगळवारपर्यंत गाडी तुमचीच आहे ना? मंग मले थे बंद पडताना पाह्याची आहे."

त्याच संध्याकाळी बायको देवीच्या दर्शनाला गेली होती. उजेड होता, म्हणून मी सरांना घेऊन सोनाळ्याच्या रस्त्याने निघालो. मी चालवत होतो, सर शेजारी. नाल्याच्या आधी रस्ता उखडलेला, तिथून दोनदा गेलो, दोनदा आलो. काही झालं नाही. परत येताना साडू चौकात पानटपरीवर उभे होते. त्यांनी लांबूनच ओरडून विचारलं, "पडली का बंद?" मी नकारार्थी मान हलवली. ते हसून पानवाल्याला काहीतरी म्हणाले.

घरी पोचलो. उतरताना सर स्वतःवरच चिडून म्हणाले, "चाळीस वर्षं पोट्ट्यायले शिकवलं आणि आज मीच विसरलो. तक्रार कोनाची? मॅडमची. आणि गाडी कोन चालवून राह्यला? तुमी. कायची तपासणी हे? ढेकळाची."

सोमवारी खंडेनवमी, पण शाळा होती. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सकाळी सर तयार होऊन अंगणात उभे होते, खुर्ची डिकीत टाकलेली. त्यांनी बायकोला एकच अट घातली. "मॅडम, जशा रोज जाता तशाच जा. रोजची पिशवी, रोजचा डबा, रोजची वेळ. माझ्यासाठी काईच बदलू नका." तिने गाडी अंगणाबाहेर काढली तसे मागून मला म्हणाले, "तुमी समोर बसले तं तोंड बंद ठेवा."

"मी काय बोललो?"

"बोलले नाई, पण पाय मारून राह्यले. ब्रेक तुमच्याकडे नाई आहे."

ते खरं होतं. बायको गाडी चालवते तेव्हा माझा उजवा पाय आपोआप दाबला जातो.

सर मागच्या सीटवर मधोमध बसले होते, दोन सीटांमधून डोकं पुढे काढून. सगळा रस्ता त्यांचा श्वास माझ्या कानाशी. शेतांत कापूस वेचायला बाया उतरल्या होत्या. नाल्याच्या अलीकडचा उखडलेला पट्टा आला, गेला, पूल ओलांडला. काही झालं नाही. शाळेपाशी उतरताना बायकोचा चेहरा पडला होता. ती मला म्हणाली, "सरांना घेऊन घरी जा तुम्ही. झालं एवढं पुष्कळ झालं."

सर खुर्ची काढून शाळेच्या व्हरांड्यात बसले होते. तिथूनच ओरडले, "मॅडम, एक विचारतो. रोज त्या खड्ड्यायवरून तुमी इतक्याच हळू जाता?"

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"खरं सांगा."

"नाही सर. रोज उशीर झालेला असते. आज तुम्ही मागे होते म्हणून... तुमची पाठ दुखते ना."

"माझी पाठ!" सर उठलेच. "म्हंजे माझ्या पाठीपायी गाडी नाई बंद पडली. मॅडम, मी पाव्हना नाई आहे. वापस जाताना असं समजा का मागं सिमेंटचं पोतं ठेवलं."

आणि ते तिथेच बसून राहिले. मी दुपारी एसटीने कार्यालयात जाऊन सह्या करून पुन्हा एसटीने परत आलो, तेव्हाही ते त्याच जागी होते. मधल्या सुट्टीत शिक्षकांनी त्यांना खिचडी दिली. खिचडी वाढणाऱ्या बाईने मीठ कमी पडल्याचं सांगितलं, तर त्यांनी आधी चाखून पाहिलं, मग मान्य केलं. मी विचारलं, "सर, कंटाळा नाही आला?" म्हणाले, "कंटाळा त्याले येते ज्याले आधीच माहीत असते काय होणार."

खरं तर त्यांनाही एक अंदाज होता. ते मला तेव्हाच हळूच म्हणाले की बॅटरीची अर्थची वायर ढिली असणार, सगळं एकदम जातं म्हणजे तीच. पण मॅडमला सांगू नका म्हणाले, नाहीतर त्या तेच सांगायला लागतील.

शाळा सुटली. बायकोने वर्ग, कार्यालय, खिचडीची खोली, संगणकाची खोली, सगळ्यांना कुलपं घातली आणि गाडीत बसली. आरशात पाहून म्हणाली, "सर, धरून बसा."

"पोतं बोलत नसते. चालवा."

तिने गाडी रोजच्यासारखी सोडली. मला तोवर कल्पनाच नव्हती की ती रोज अशी चालवते. माझा पाय आपोआप दाबला गेला, मी तो मुद्दाम सैल केला. नाल्याच्या अलीकडे उखडलेला पट्टा आला. पहिला खड्डा, दुसरा, आणि तिसऱ्याला गाडी उडून आपटली.

"सर, झालं," बायको म्हणाली.

आवाज अजिबात चढला नव्हता. मी मीटरकडे पाहिलं. काटे सगळे शून्यावर. पंखा बंद. इंजिनचा आवाज नाही, नुसता चाकांखालच्या खडीचा आवाज. ती दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढत होती आणि गाडी तिने एका कडुनिंबाखाली नेऊन थांबवली. मागून कापसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत गेला.

तीन महिने ती हे सांगत होती, आणि मी ते पहिल्यांदा पाहत होतो.

तिचा हात चावीकडे गेला. मागून सर गरजले, "हात नाई लावायचा! कोनीच नाई. जे जसं आहे तसंच राहू द्या."

त्यांनी मला बॉनेट उघडायला लावलं. बॅटरीच्या वायरी हलवायला लावल्या. मी एकेक वायर धरून हलवली, सर आत मीटरकडे पाहत बसले. "काई नाई. दुसरी हलवा. काई नाई." अर्थची वायर घट्ट होती. सर खाली उतरून स्वतः आले, तीच वायर दोनदा ओढली, आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "माझा अंदाज गेला चुलीत."

मग ते ड्रायव्हरच्या दारातून आत वाकले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. कितीतरी वेळ नुसते पाहत राहिले. नंतर एक बोट पुढे केलं.

चावीला जुडगा लटकत होता. शाळेचा. वर्गांच्या किल्ल्या, कार्यालयाची, दोन्ही कपाटांची, खिचडीच्या खोलीची मोठी लोखंडी, संगणकखोलीची, फाटकाची, आणि शिवाय पितळेचा एक जाड गणपती. सगळा जुडगा सरळ खाली लोंबत होता. सरांनी बोट त्याच्या खाली घातलं आणि तो अलगद वर उचलला.

मीटरचे दिवे लागले. पंखा फिरायला लागला.

बोट काढलं. सगळं विझलं.

"पुन्हा," बायको म्हणाली. ती कुजबुजलीच जवळजवळ.

सरांनी पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं. मग तिला करायला लावलं, मग मला. मग जुडगा सोडवून फक्त गाडीची चावी ठेवली, आणि तिला त्याच खड्ड्यांवरून तेवढ्याच वेगाने दोनदा न्यायला लावलं. नाही पडली. जुडगा परत अडकवला, पुन्हा गेली, पुन्हा बंद पडली. तेव्हा कुठे ते मागच्या सीटवर टेकून बसले.

"चावी फिरवायचा स्विच आतून झिजला. खड्ड्यात हा सगळा बोजा खाली ओढते, तार सुटते. स्विच बदला. आणि शायेचं कुलूपखातं वेगळं ठेवा." मग माझ्याकडे वळले. "लेखापाल साहेब, तुमी कोन्त्या चावीनं चालवता गाडी?"

"दुसऱ्या. डुप्लिकेट."

"काऊन?"

"शाळेच्या किल्ल्या सरकारी आहेत. त्यांना मी हात लावत नाही. जबाबदारी तिची असते."

"आणि गॅरेजमंधी कोन्ती दिली?"

"तीच. डुप्लिकेट. सरकारी जुडगा गॅरेजमध्ये कसा द्यायचा?"

सर हसले नाहीत. बायको मात्र हसली, इतकी की तिने कपाळ स्टेअरिंगला टेकवलं. मग डोळे पुसून म्हणाली, "तीन महिने तुम्ही सगळ्यांनी माझी गाडी तपासलीच नाही. तुमचीच तपासली."

गाडी सुरू करायच्या आधी तिने जुडगा काढून माझ्या मांडीवर ठेवला. "धरा. सरकारी आहे." संग्रामपूर येईपर्यंत मी तो दोन्ही हातांत धरून बसलो. त्याचं वजन मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी दुकानदार झेंडूचा हार आणि नारळ घेऊन आले. सोबत साडू. मी बावीस नोटा दुकानदारांच्या हातात परत दिल्या. ते चकित झाले. त्यांचा फेरा वाया गेला म्हणून मी पेट्रोलचे सहाशे रुपये देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "पण झालं काय होतं, थे तं सांगा."

सर अंगणात होतेच. त्यांनी सांगितलं नाही. दुकानदारांना गाडीत बसवलं, चावीला जुडगा लावला, खाली ओढून सोडून दाखवला. साडूंनाही बसवलं. साडू उतरून म्हणाले, "मंग मॅडम, माझं क्लचचं..."

"तुमी चहा घ्या," बायको म्हणाली.

दुकानदारांनी आणलेला हार परत कशाला न्यायचा म्हणून आमच्याच गाडीला घातला आणि नारळ बायकोच्या हातून फोडवला. काकूंनी बाहेर येऊन गाडीला हळदकुंकू लावलं.

आठवडाभराने सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने, ज्याचं मलकापूरला छोटं दुकान आहे, स्विच बदलून दिला. स्विच तेराशे ऐंशी, बसवण्याचे तीनशे, एकूण एक हजार सहाशे ऐंशी. ते मी त्याला तिथेच दिले.

मग मी सरांकडे गेलो. म्हणालो, "सर, तुमची तपासणीची फी सांगा. फुकट नको."

ते खुर्चीवर बसून कोटाच्या कुरतडलेल्या बाहीला काकूंनी लावलेलं ठिगळ पाहत होते. वर न बघता म्हणाले, "पाचशे."

मी नोट पुढे केली.

"मले कायले देता? मी मागच्या सीटवर एक दिवस बसलो, थेबी अंदाज चुकवून. कवा बंद पडते, काय काय बंद पडते, काय नाई होत, हे सगळं पाह्यलं कोनं? तपासणी ज्यानं केली फी त्याची." आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "मॅडम! या बाहेर. तुमची फी आली."

बायको कणकेचे हात पुसत बाहेर आली. मी म्हणालो, घरातल्या घरात हे काय. सर म्हणाले, "घरातलं बिल बुडवायचं असते का?"

पाचशे रुपये, रोख, एक नोट. बायकोला दिले. तिने नोट उजेडाकडे धरून नीट पाहिली, आणि मगच घेतली.